टेली-मानस १४४१६ : सेवा चांगली, पण सांगायचं काय ते ठरवून फोन करा

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. १४४१६ लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. आधी समुपदेशक बोलतात, गरज दिसली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. दारातल्या दारात एवढी सोय मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पण समुपदेशकाला फक्त आवाज ऐकू येतो, आणि पुरुषांचं घोडं इथेच अडतं. 'उदास वाटतं' हे तोंडून निघत नाही. 'टेन्शन आहे, झोप नाही' एवढंच सांगितलं तर सल्लाही झोपेपुरताच मिळणार. चिडचिड, मुलांवर हात उचलणं, कामात लक्ष न लागणं हीसुद्धा उदासीची लक्षणं असतात, ती सांगा. दारूचं तर मोजूनमापून सांगा: रोज की शनिवारी, क्वार्टर की हाफ. दारूने झोप लवकर लागते, पण पहाटे मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खचतं.

बायकांच्या बाबतीत डोकेदुखी, पाठदुखी, थकवा यांच्या गोळ्या वर्षभर चालू असतात आणि मनाचा विषयच निघत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट हाताशी ठेवा, कारण ते बिघडले तरी असंच वाटतं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं. दोन आठवडे उलटूनही तेच असेल तर आवर्जून सांगा. घरात कान टवकारलेले असतील तर सुरुवातीलाच म्हणा, 'मला मोकळं बोलता येत नाही, हो-नाही म्हणता येईल असे प्रश्न विचारा.'

समुपदेशक औषध लिहून देत नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच तर फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. अनेक जण आठवड्यातच 'काही उपयोग नाही' म्हणून सोडतात, किंवा बरं वाटताच परस्पर बंद करतात. दोन्हींत त्रास उलटतो.

जीव द्यायचे विचार येत असतील तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. घरातल्या कुणाला असे विचार येत असतील तर त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घराबाहेर दुसऱ्याच्या ताब्यात द्या. प्रसंग हातघाईचा असेल तर हेल्पलाइनवर वेळ न घालवता ११२ लावा किंवा थेट जिल्हा रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा.