एकाच साच्याच्या तीन विनाशिका, सुट्टी मात्र एकच

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने फ्लेचर वर्गाच्या 175 विनाशिका बांधल्या. त्यातल्या तीन आज त्या देशात संग्रहालय म्हणून उभ्या आहेत: लुइझियानात बॅटन रूजला ‘किड’, बॉस्टनला ‘कॅसिन यंग’ आणि बफेलोला ‘द सलिव्हन्स’. एकीलाच जाणं जमणार असेल तर कुठली निवडावी?

आधी काय बघायचं ते सांगतो, नाहीतर तिन्ही सारख्याच दिसतील. जहाजावर चढलात की दोन धुराड्यांच्या मधली जागा शोधा. मूळ आराखड्यात तिथे पाच नळ्यांचा पाणतीर-संच (पाणतीर म्हणजे टॉर्पेडो) होता आणि मागच्या धुराड्यापलीकडे तसाच दुसरा. म्हणजे दहा पाणतीर आणि पाच इंची पाच तोफा. शत्रूच्या जहाजांवर रात्री चाल करून जायचं, ही त्यामागची कल्पना. विमानविरोधी तोफा सुरुवातीला अगदीच बेताच्या होत्या.

मग 1945 साली जपानच्या ओकिनावा बेटाजवळ कामिकाझे, म्हणजे आत्मघाती जपानी वैमानिक, आले. विमानच अंगावर येऊन आदळणार असेल तर पाणतीर काय कामाचे? पुढचा संच काढून टाकला, मधल्या भागात चार-चार नळ्यांच्या दोन विमानविरोधी बोफोर्स तोफा बसवल्या आणि अशा 40 मिमीच्या नळ्यांची एकूण संख्या 14 वर गेली. पण अशी एक चौनळी तोफ सुमारे 11 टनांची, आणि तीही डेकच्या वर. वरचं वजन वाढलं की जहाज डोलायला लागतं. 18 डिसेंबर 1944 च्या वादळात इंधनाच्या टाक्या रिकाम्या होत आलेली ‘स्पेन्स’ ही फ्लेचर विनाशिका उलटून बुडाली होती. त्यामुळे नवीन काही चढवायचं तर जुनं काहीतरी उतरवावंच लागे. लोकलमध्ये चौथी सीट मिळते ती कुणीतरी अंग चोरल्यावरच, तसं.

हा हिशेब सगळ्यात स्वच्छ दिसतो तो ‘किड’वर. 11 एप्रिल 1945 ला कामिकाझे विमान उजव्या बाजूने तिच्या बॉयलरच्या भागात घुसलं आणि 38 जण मेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट गोदीत दुरुस्तीबरोबरच तिचे हे फेरबदलही झाले. युद्धानंतरचं मोठं आधुनिकीकरण तिच्या वाट्याला आलंच नाही, म्हणून तिला ऑगस्ट 1945 च्या रूपात आणणं शक्य झालं. शिवाय मिसिसिपी नदी तिथे 40 फुटांपर्यंत चढउतार करते. पाणी ओसरलं की ही बया कोरड्या चौकटीवर बसलेली असते आणि तिचा तळ खालपर्यंत दिसतो. पावणेचारशे फूट लांबी आणि जेमतेम चाळीस फूट रुंदी! 60,000 अश्वशक्ती कशासाठी लागत होती ते त्या निमुळत्या तळाकडे बघूनच कळतं. न्यू जर्सीकरांसाठी आणखी एक गंमत: ही बांधली तुमच्या कर्नीत, पण बघायला जायचं लुइझियानात.

‘कॅसिन यंग’लाही ओकिनावाजवळ दोनदा कामिकाझेने गाठलं, 30 जुलैच्या धडकेत 22 जण गेले. पण 1951 ला तिला पुन्हा सेवेत घेतलं आणि आज तुम्ही बघता ती पन्नाशीच्या दशकातली विनाशिका. डोलकाठी तिपायी, रडार नवं, पुढे पाणबुड्यांवर बॉम्ब फेकणारं हेजहॉग. महायुद्ध शोधायला गेलात तर शीतयुद्ध हाती लागेल. जमेची बाजू अशी की तिकीट नाही, शेजारीच 1797 ची शिडाची ‘कॉन्स्टिट्यूशन’ आहे आणि ज्या चार्ल्सटाउन गोदीत ती उभी आहे तिथेही फ्लेचर बांधल्या गेल्या.

‘द सलिव्हन्स’ला जायचं ते नावासाठी. ‘जुनो’ या क्रूझरबरोबर नोव्हेंबर 1942 मध्ये गेलेल्या पाच सख्ख्या भावांचं नाव तिला दिलं. धुराड्यावर आयरिश तिपानी आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये ती धक्क्यालाच पाणी भरून कलली होती, तेव्हा निघण्याआधी काय काय खुलं आहे ते विचारून घ्या. आईबाबांना नायगारा दाखवायला नेताय ना, मग तिथून ती अर्ध्या तासावर आहे. शेजारी ‘लिटल रॉक’ क्रूझर आणि ‘क्रोकर’ पाणबुडीही आहे, त्यामुळे मुलं कंटाळणार नाहीत.

माझं मत विचाराल तर विमानाचं तिकीट काढायचं ते फक्त ‘किड’साठी, बाकीच्या दोघी वाटेत असतील तर. मुंबईत ‘विक्रांत’ 2014 ला भंगारात गेल्यापासून मी या बाबतीत जरा हळवा आहे, हे धरून चाला. 2024 मध्ये ‘किड’लाही दुरुस्तीसाठी गोदीत नेलं होतं, तेव्हा आधी संग्रहालयाला फोन करा. तळ बघायचा असेल तर नदीला पाणी किती आहे, तेही त्याच फोनवर विचारा.