रंगीत मॉर्गन घ्यावा की पांढरा? ऑक्शनमध्ये बोली लावण्याआधी

समजा समोर दोन मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेची जुनी चांदीची नाणी, आहेत, दोन्ही 1881 चे, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे, दोन्ही स्लॅबमध्ये (ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीत) आणि दोन्हींचा ग्रेड एमएस 64, म्हणजे न वापरलेलं नाणं, 70 पैकी 64. एक पांढराशुभ्र, दुसऱ्यावर कडेला निळा, मग किरमिजी, मग मधे सोनेरी असा रंग चढलेला. पांढरा तुम्हाला कधीही मिळेल कारण हे साल आणि ही टांकसाळ चांगल्या ग्रेडमध्ये भरपूर आहे, रंगीताला मात्र ऑक्शनमध्ये कधी कधी पाचपट दहापट बोली लागते. मग एवढे पैसे द्यायचे का?

माझं मत आधीच सांगतो, द्यायला हरकत नाही, पण रंगाखालचं लस्टर, म्हणजे टांकसाळीतून आलेली मूळ चमक, जिवंत असेल तरच, आणि नाणं लगेच विकायचं नसेल तरच.

आधी रंग म्हणजे काय ते बघू. हवेतलं किंवा कागद-कापडातलं गंधक चांदीला लागून सिल्व्हर सल्फाईडचा अगदी पातळ थर बसतो, आणि साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच हे रंग थराच्या जाडीवर ठरतात. आधी सोनेरी, मग तांबूस किरमिजी, मग निळा, पुढे परत पिवळा, गुलाबी, हिरवा, आणि थर फारच वाढला की काळपट. हा क्रम ठरलेला आहे. त्यामुळे सोनेरीला चिकटून एकदम गडद निळा आला आणि मधला किरमिजी गायबच असेल तर मला तरी लगेच शंका येते.

मॉर्गनमधे रंगीत नाणी एवढी का सापडतात तर हे डॉलर हजार-हजारच्या कापडी पिशव्यांत तिजोऱ्यांमधे वर्षानुवर्षं पडून होते, 1962 ते 64 च्या दरम्यान त्यातले बरेच बाहेर आले. पिशवीला टेकलेली बाजू रंगली, दुसरी पांढरीच राहिली. नीट बघितलं तर काहींवर कापडाची वीण उमटलेली दिसते, आणि शेजारचं नाणं जिथे टेकलं होतं तिथे चंद्रकोरीसारखा कोरा भाग राहतो. अक्षरांच्या अगदी लगत बारीक फिकट रेघ असते, कारण तिथे कापड पोचलंच नाही. अशा खुणा असलेलं नाणं हातात आलं की मला खरंच आनंद होतो, आणि जास्तीचे पैसे द्यायचे तर ते यासाठीच. घरी केमिकल लावून केलेला रंग बहुतेक वेळा वरून फासल्यासारखा दिसतो, उंच भाग, खोलगट भाग, ओरखडे सगळ्यांवरून सारखाच पसरलेला.

आता पांढऱ्याचं. पांढरा म्हणजे मूळ अवस्थेतला असं बरेच जण धरून चालतात, पण त्यातली कितीतरी नाणी डिप केलेली, म्हणजे रंग काढायला अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवलेली असतात. डिपमधलं अ‍ॅसिड सल्फाईडबरोबर चांदीचाही थोडा पापुद्रा काढतं, एकदा नीट केलं तर कळतही नाही, पण परत परत केलं की नाणं फिरवल्यावर जो उजेडाचा पट्टा गोल फिरतो तो मरतो. पांढरा घेताना हेच बघायचं. बाकी पांढऱ्याचा मोठा फायदा म्हणजे भाव ठरलेला असतो, प्राइस गाईड उघडलं की अंदाज येतो आणि विकताना फार घासाघीस होत नाही.

रंगीताचं तसं नाही. त्याचा भाव म्हणजे त्या दिवशी हट्टाला पेटलेल्या दोन जणांचा भाव, पुढच्या वेळी त्यातला एक जरी आला नाही तरी आकडा निम्म्यावर येऊ शकतो. वर बायर्स प्रीमियम, म्हणजे ऑक्शनवाले बोलीवर लावतात ती टक्केवारी, आहेच, 20 टक्के धरला तर 1000 डॉलरला हातोडा पडला की तुमच्या खिशातून 1200 जातात.

अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ग्रेडिंग करणारे सुंदर रंगाला कधी कधी ग्रेडमधेच झुकतं माप देतात, म्हणजे एरवी 65 चं नाणं रंगामुळे 66 होतं, आणि मग आपण 66 चा भाव देऊन वर परत रंगाचा प्रीमियम देतो. रंगाचे पैसे दोनदा गेले! त्यामुळे नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावरचे ओरखडे रंगात लपलेत का ते भिंगातून बघा, सीएसीचा (स्लॅबमधली नाणी परत तपासणारी कंपनी) हिरवा स्टिकर असेल तर ग्रेड भक्कम असल्याची थोडी खात्री मिळते, पण रंगाची किंमत किती हे तो स्टिकर सांगत नाही. एनजीसी या ग्रेडिंग कंपनीचा स्टार निदान नाणं दिसायला खास आहे एवढं तरी सांगतो.

1893 च्या सॅन फ्रान्सिस्कोसारखं दुर्मिळ साल असेल तर रंगाचा विचारच नको, ते नाणं खरं आहे का आणि ग्रेड काय एवढंच बघा.

सामान्य सालाला मी पांढऱ्याच्या दुप्पट-तिप्पटपर्यंत आनंदाने जाईन, वीण किंवा चंद्रकोर स्पष्ट असेल तर थोडं अजून वर. दोन-तीन वर्षांत विकायचा विचार असेल तर सरळ पांढरा घ्या. आणि ऑक्शनचा फोटो नेहमी रंग सगळ्यात खुलेल अशाच कोनातून काढलेला असतो, म्हणून बोली लावण्याआधी नाणं दिव्याखाली तिरकं फिरवतानाचा व्हिडिओ मागून घ्या, समोरून बघताना ते करडं मळकट दिसत असेल तर सोडून द्या.