१९१६ की १९७०: व्हीएफएलचा कोणता हंगाम आधी?

मेलबर्नला शिकायला गेलेला भाचा विचारतोय, फूटीचा (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा; व्हीएफएल ही त्याची व्हिक्टोरियातली जुनी लीग) इतिहास कुठून सुरू करू?

समजायला १९१६ सोपा. महायुद्धामुळे चारच क्लब उरले, म्हणून चौघेही अंतिम फेऱ्यांत! फिट्झरॉय १२ पैकी २ सामने जिंकून तळाला, आणि शेवटी विजेताही तोच. (आमच्या गल्लीत यावर मारामारी झाली असती.) पण टीव्हीआधीचा काळ, गुणफलकावरच भागवायचं.

थरार १९७० च्या अंतिम सामन्यात. एमसीजीवर (मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर) १,२१,६९६ प्रेक्षक, मध्यंतराला कार्ल्टन कॉलिंगवूडच्या ४४ गुणांनी मागे. कार्ल्टनचा बदली खेळाडू टेड हॉपकिन्सने उत्तरार्धात ४ गोल (एका गोलचे ६ गुण) ठोकले आणि कॉलिंगवूड १० गुणांनी हरलं. कार्ल्टनच्याच जेझाउलेंकोने समोरच्याच्या खांद्यावर चढून घेतलेला झेल तर थांबवून थांबवून बघावा.

आकड्यांतला विक्षिप्तपणा आवडत असेल तर १९१६. चहाचा कप घेऊन सामनाच बघायचा असेल तर १९७०.