वाड्याचे सागवान सांगून रायवळ गळ्यात मारले

टोकन घ्यायचे, एक माल दाखवायचा आणि दुसरा भरून द्यायचा, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा असल्याने त्याचे वर्णन करीत बसत नाही. तो मी टेम्पोजवळ उभा असताना, माझ्या डोळ्यांदेखत घडला, ही लाज मात्र लपवीत नाही.

खाडीत वल्हवण्यापुरती 12 फुटी होडी अंगणातच बांधायची हौस होती. पठाण (होडीचा तळाचा कणा), वाक (आतल्या बाकदार फासळ्या) आणि फळ्या मिळून नासधुशीसह 14 घनफूट लाकूड लागेल, असा होडी बांधणाऱ्या मिस्त्रींचा अंदाज होता. नव्या सागवानाचा भाव परवडत नव्हता, मुंबईच्या दारुखान्यात जुन्या जहाजांचे लाकूड मिळते पण तिथे खेपा घालणे जमत नव्हते, म्हणून पाडलेल्या वाड्यांचे लाकूड विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. भाव ठरला घनफुटास 2,600 रुपये, म्हणजे एकूण 36,400. त्यांपैकी 10,000 टोकन आणि उरलेले 26,400 माल भरताना दिले.

आता ज्या क्षणी मी सावध व्हायला हवे होते, तो सांगतो. व्यापाऱ्याने थप्पीतली वरची एक फळी स्वतःच ओढली, पटाशीने तिचा कोपरा उडवला आणि ढलपी माझ्या नाकाशी धरली. वास अस्सल सागाचा होता. खालच्या फळ्या काढून दाखवा म्हटल्यावर तो हसून म्हणाला, "काका, सगळा माल एकाच वाड्याचा आहे, थप्पी मोडली तर हमाली तुम्हालाच पडेल." मी गप्प बसलो. त्याहून वाईट म्हणजे, कडेच्या एका फळीतल्या खिळ्याच्या भोकात मी बोट घातले होते आणि ते आत स्वच्छ होते. शंभर वर्षांच्या वाड्यातला लोखंडी खिळा निघतो तेव्हा भोकाभोवती गंजाचा डाग राहतोच. इथे ड्रिलने नुकतेच पाडलेले भोक होते. हे दिसूनही, दुरुस्तीत नवा खिळा मारला असेल, अशी समजूत मीच माझी काढली. लाकूड मला अगदीच कळत नाही असे नाही, घराची दारे मी स्वतः निवडलेली आहेत. पण पसंत पडलेल्या वस्तूत खोट शोधायला मन धजत नाही, हेही खरेच.

घरी मिस्त्रींनी रंधा मारताच तपकिरी रंग ढलप्यांबरोबर निघून गेला आणि आत पांढरट रायवळ, म्हणजे सागाखेरीजचे किरकोळ लाकूड दिसले. शेकून वाकवताना पहिलीच फळी तडकली. टेम्पोचे 5,200, हमालीचे 800 आणि मिस्त्रींच्या दोन दिवसांच्या मजुरीचे 2,400 धरून एकूण 44,800 रुपये गेले. तेव्हा ढलपी काढायची फळी आपणच, तीही थप्पीच्या तळातून निवडा, आणि रंधा सोबत न्या.

पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. "माल तुम्ही पाहून घेतला, ही दिवाणी बाब आहे," एवढेच उत्तर मिळाले. मुद्दाम खोटे सांगून पैसे उकळणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मधली फसवणूक आहे, हे मी वाचून दाखवले तेव्हा साहेब जेवायला उठले. पैसे फोनवरून दिले होते म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवले, तर समोरासमोरच्या व्यवहारासाठी ठाण्यातच जा, असे सांगण्यात आले. वन कार्यालयाने तर कमाल केली: सागवानाचा वाहतूक परवाना कुठे आहे, असे त्यांनी मलाच विचारले. लाकूड सागाचे नाही हीच माझी तक्रार असताना, सागाच्या परवान्यावरून मी अर्धा तास उभा होतो! परवान्याची प्रत माल भरण्यापूर्वी मागा; ती मागितली असती, तर हा व्यापारी तिथेच उघडा पडला असता.

पक्के बिल घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. माझ्याकडे केवळ कच्ची चिठ्ठी आहे आणि तिच्यावर "जुने लाकूड, 14 फूट" एवढेच लिहिलेले आहे. सागवान हा शब्दच नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क लागत नाही, म्हणून तिथे अर्ज केला आहे. पुरावा जपून ठेवायचा असल्याने त्या फळ्या ताडपत्रीखाली अंगण अडवून पडल्या आहेत आणि त्यांचे जळणही करता येत नाही.