बेसल थर्मामीटर आणि एलएच स्ट्रिप्स : काही महिन्यांच्या वापरानंतर

चान्स घ्यायला लागून वर्ष होत आलं तेव्हा या दोन्ही वस्तू मागवल्या. पाळी नियमित, २८ दिवसांची, त्यामुळे घरीदारी सगळे ‘नॉर्मल आहे’ म्हणून मोकळे. फोनमधलं अ‍ॅपही तेच म्हणायचं. ते पुढच्या पाळीच्या तारखेतून सरसकट १४ दिवस वजा करतं आणि त्या दिवशी बीज फुटलं असं धरून चालतं.

आधी थर्मामीटरबद्दल. ताप बघायचा साधा चालत नाही, दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा लागतो. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे तापमान वाढतं ते जेमतेम ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस. जाग आल्या आल्या, अंथरुणातून उठायच्या आत, रोज साधारण एकाच वेळी मोजायचं. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येतं, त्यामुळे वेळ आपसूक ठरली. उशीखालचा थर्मामीटर बघून सासूबाईंनी ‘कणकण आहे का गं?’ विचारलं, तेवढं निभावून न्यावं लागलं. एकेका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो. आधीच्या सहा दिवसांपेक्षा सलग तीन दिवस वर राहिला, तर बीज फुटून गेलं असं समजायचं. म्हणजे हा झाल्यावर सांगतो, आधी नाही.

आधी सांगतात स्ट्रिप्स. लघवीत एलएच, म्हणजे बीज फुटायला लावणारं हार्मोन, वाढलेलं दिसलं की साधारण २४ ते ३६ तासांत बीज बाहेर पडतं. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर फिकट रेघही चालते, इथे ती कंट्रोलच्या रेघेइतकी किंवा त्याहून गडद हवी. पीसीओडी असलेल्यांनी मात्र जपून, एलएच मुळातच चढं असेल तर रेघ फसवते.

दोन्ही नोंदी जुळवल्यावर दिसलं की माझं बीज पाळीच्या १७व्या दिवसाच्या आसपास फुटतंय. त्यानंतर पाळीपर्यंतचा काळ, म्हणजे ल्युटिअल फेज, उरतो ११ दिवस, एखाद्या महिन्यात १०. बहुतेकींचा १२ ते १४ असतो. १० किंवा त्याहून कमी असला तर आखूड म्हणतात. गर्भ रुजतो तो बहुधा बीज फुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी, त्यामुळे पोटात गोळा आलाच.

डॉक्टरांना चार्ट दाखवला तेव्हा आधीच्या एका रिपोर्टचाही उलगडा झाला. त्यात २१व्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन कमी आलं होतं. ही तपासणी बीज फुटल्यानंतर सातव्या दिवसाच्या सुमारास करायची असते. १४व्याला बीज फुटणारीला २१वा दिवस बरोबर, मला तो जेमतेम चौथा. २४व्या दिवशी पुन्हा रक्त दिलं, आकडा व्यवस्थित आला. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) हेही तपासून घेतलं, कारण त्यांच्या गडबडीनेही हा काळ आखडतो. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या एएसआरएम या संघटनेचंही मत असं आहे की, आखूड ल्युटिअल फेज हेच एकटं वंध्यत्वाचं कारण असतं हे सिद्ध झालेलं नाही. मी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या लिहून मिळतील या तयारीने गेले होते, त्या मिळाल्या नाहीत.

घोळ होता दिवसांचा. गर्भ राहण्याजोगे दिवस म्हणजे बीज फुटायच्या आधीचे पाच आणि तो सहावा. माझे १२ ते १७. अ‍ॅप दाखवायचं ९ ते १४. निम्मे दिवस दर महिन्याला हातचे जात होते!

तीन-चार पाळ्या चार्ट भरून झाल्यावर थर्मामीटर कपाटात ठेवला. रोज सकाळी आकडा बघून दिवसाचा मूड ठरायला लागला होता, ते नको झालं. स्ट्रिप्स चालू आहेत, एकदम पन्नासचं पाकीट घेतलं तर स्वस्त पडतात. रात्रपाळी करणाऱ्या किंवा तान्ह्या बाळासाठी सारखं उठावं लागणाऱ्या बाईने थर्मामीटरवर पैसे घालू नयेत, आलेख वेडावाकडाच येणार. पस्तिशी ओलांडलेली असेल आणि सहा महिने झाले असतील तर चार्टच्या नादी न लागता थेट डॉक्टरांकडे जा, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच भेटीत मागून घ्या. ती स्वस्त असते, एका दिवसात होते, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात शेवटी होते.