सीएनसीच्या टाकीवरचा बेल्ट स्किमर: घ्या, पण आधी बाटली भरून बघा

सुट्टीनंतर सीएनसी (संगणकावर चालणारं धातूकामाचं) मशीन चालू केलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो आणि सगळं खापर कूलंटवर, म्हणजे कापताना हत्यार थंड ठेवणाऱ्या पाणी-तेलाच्या मिश्रणावर, फुटतं. खरं तर स्लाइडवेचं (मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या पट्ट्यांचं), हायड्रॉलिकचं गळलेलं तेल वर तवंग धरून बसतं, खाली हवा पोचत नाही आणि जंतू माजतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या मशीन शॉपना टाकीच्या काठाला क्लॅम्प होणारा, फिरत्या दोन इंची पट्ट्याने तवंग ओढून डब्यात काढणारा हा स्किमर म्हणूनच उपयोगी आहे. नासलेलं कूलंट मात्र तो सुधारत नाही.

घेण्याआधी टाकीतलं कूलंट काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी वर तेलाचा वेगळा थर आला, तर पैसे वसूल. नुसतं दुधाळच राहिलं तर तेल त्यात घुसळलं गेलंय, ते पट्ट्याला लागत नाही.

चोवीस तास चालवण्याचा सल्ला ऐकू नका. पंप चालू असताना तेल वर येत नाही, आणि तवंग संपला की पट्टा कूलंटच ओढतो; डब्यात पांढरं दिसलं की समजायचं. यात टायमर दिलेला नाही, ही मोठी उणीव. बाहेरून साधा टायमर लावून शिफ्टआधी तासभर चालवला तरी पुरतं.

दुखणं वायपरचं, म्हणजे पट्ट्यावरचं तेल खरवडणाऱ्या पातीचं. बिडाचं काम असेल तर काळी भुकटी त्याची धार खाते. वायपर ओलांडूनही पट्टा तेलकट चमकला, की धार गेली. उलटून दुसरी बाजू वापरता येते, हे बरं केलंय. खालची पुली तळापासून चार बोटं वर हवी. गाळात रुतली की पट्टा जागीच घसरतो.

बोअरच्या जड पाण्याने जी चिकट मळी धरते, तिच्यापुढे स्किमरचं काही चालत नाही. तिथे आरओचंच पाणी लागतं. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी उडून कूलंट घट्ट होतं, तेव्हा टॉप-अप एक-दोन टक्के कूलंट मिसळलेल्या पाण्याचंच करा. रिफ्रॅक्टोमीटरच्या (कूलंटचं प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाच्या) आकड्याला कूलंटच्या डब्यावरच्या फॅक्टरने गुणायला विसरू नका.

निघालेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. लेबल लावलेल्या बॅरलमध्ये ठेवून 90 दिवसांच्या आत अधिकृत रिसायकलरकडे, फॉर्म 10 (कचरा पाठवल्याची नोंद) भरून. भंगारवाल्याला नको, नाल्यात तर नकोच. खाम नदीचं पाणी नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात जातं.

ऑर्डर देतानाच दोन जादा वायपर मागून घ्या.