विलो, पायरेक्स की इनॅमल? जुनी नक्षीदार भांडी जमवायला सुरुवात करण्याआधी

जुन्या नक्षीदार भांड्यांचा संग्रह करायचा म्हटलं की नवख्या माणसासमोर साधारण तीन वाटा येतात. इंग्लंडमधली निळ्या-पांढऱ्या 'विलो' नक्षीची चिनीमाती, अमेरिकेतल्या पायरेक्सचे रंगीत वाडगे, आणि नॉर्वे-स्वीडनकडची इनॅमलची भांडी. तिन्ही जमवणारे हौशी लोक आहेत, पण सुरुवात एकापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. कपाट भरायला वेळ लागत नाही. नजर तयार व्हायला लागतो, आणि एकाच प्रकारातले भरपूर नग हातात घेऊन उलटेपालटे केल्याशिवाय ती होत नाही.

यातलं कोणतं, हे बहुतेक जण रंग बघून ठरवतात. मी सांगेन, नक्षी भांड्यात नेमकी कुठे बसली आहे ते बघून ठरवा. विलोची नक्षी झिलईच्या खाली असते. पायरेक्सची काचेच्या वर असते. इनॅमलमध्ये रंगीत थर हेच भांड्याचं कवच असतं. भांडं कशानं खराब होणार, त्यात जेवता येणार का, घासायचं कसं आणि घेताना काय तपासायचं, या सगळ्यांची उत्तरं तिथूनच निघतात.

विलो: झिलईखालची नक्षी

आधी तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात शाई भरायची, ठसा पातळ कागदावर उतरवायचा. एकदा भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या ताटलीवर तो कागद दाबून बसवायचा, मग कागद धुऊन काढायचा आणि झिलई देऊन ताटली पुन्हा भट्टीत घालायची. झिलईखालच्या या निळ्या छपाईचं तंत्र जोसाया स्पोड या इंग्लिश कुंभाराने स्टोक-ऑन-ट्रेंटला 1784च्या सुमारास पक्कं केलं. रंग निळाच का, तर झिलईच्या भट्टीची आच कोबाल्टचा निळा सोसतो. बाकीचे बरेचसे रंग त्या काळी त्या आचेत टिकत नसत.

विलोचा देखावा चिनी भांड्यांवरच्या चित्रांवरून इंग्लंडमध्ये रचला गेला, 1790च्या आगेमागे. पुलावरून चाललेली तीन माणसं, पाण्यावर झुकलेलं वाळुंजाचं (इंग्रजीत विलो) झाड, एक होडी, मंडप आणि वर आकाशात दोन पाखरं. त्यावरून सांगितली जाणारी पळून गेलेल्या प्रेमिकांची चिनी लोककथासुद्धा नंतर इंग्लंडमध्येच तयार झाली. या नक्षीवर कुणा एकाचा हक्क राहिला नाही, त्यामुळे ती इंग्लंडच्या असंख्य कारखान्यांनी छापली, मग अमेरिकेने छापली, जपानने छापली, आजही छापली जाते. म्हणजे विलोची ताटली दिसली की ती शंभर वर्षांची असेलच असं नाही.

म्हणून ताटली आधी उलटी करायची. अमेरिकेत येणाऱ्या मालावर बनवणाऱ्या देशाचं नाव असलंच पाहिजे, असा कायदा तिथे 1891पासून लागू झाला. त्यामुळे मागे 'इंग्लंड' छापलेलं असेल तर ताटली बहुधा त्यानंतरची. 'मेड इन इंग्लंड' असेल तर सहसा 20व्या शतकातली. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' हा शिक्का 1945 ते 1952 या अमेरिकी ताब्यातल्या काळाचा. त्याचे वेगळे संग्राहक आहेत. उलट, देशाचं नाव नाही म्हणून ताटली 1891च्या आधीची ठरत नाही. जो माल अमेरिकेला जायचाच नव्हता, त्यावर नाव घालण्याची सक्ती नव्हती.

शिक्क्यापेक्षा मला काठ जास्त बोलका वाटतो. ताटली उजेडात धरून काठाच्या पट्टीवरून नजर गोल फिरवा. जुन्या, हाताने कागद चिकटवलेल्या ताटलीत कुठेतरी एका जागी नक्षी जुळत नाही: चौकट अर्ध्यात तुटते, तिच्या शेजारी दुसरीच सुरू होते. कागदाच्या पट्टीची दोन टोकं तिथे भेटलेली असतात. एखाद्या कामगाराच्या बोटांनी ती पट्टी तिथे दाबली होती, हे इतक्या वर्षांनंतर दिसतं, यापेक्षा मोठं सुख या छंदात नाही. मागच्या बाजूला तीन बारीक टिंबं किंवा टिंबांचे पुंजके दिसले तर भट्टीत ताटल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे ठेवलेल्या टेकूंच्या त्या खुणा. त्या दोष समजू नका.

तपासायचं ते भेगांसाठी. ताटली तीन बोटांवर तोलून काठाला टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर डोळ्यांना न दिसणारी चीर आहे असं धरून चाला. झिलईवर केसांसारख्या बारीक रेघांचं जाळं असेल तर ताटली शोभेला चालेल, जेवायला नाही. त्या रेघांतून तेल आणि हळद आत मुरते आणि मग कितीही धुतलं तरी निघत नाही.

पायरेक्स: काचेवरची नक्षी

पायरेक्स हे नाव 1915 साली कॉर्निंग ग्लास वर्क्सने बाजारात आणलं, तेव्हा ती पारदर्शक भांडी होती. आज लोक वेड्यासारखे शोधतात ती रंगीत, दुधी काचेची भांडी. चार वाडग्यांचा पहिला प्रसिद्ध संच 1940च्या दशकातला: सर्वांत मोठा पिवळा, मग हिरवा, लाल आणि सर्वांत लहान निळा. एकात एक बसणारे. तळाला बहुधा उठावात आकडा असतो, मोठ्याला 404 आणि लहान होत जाताना 401पर्यंत. संच जुळवताना हा आकडा फार उपयोगी पडतो, कारण मागाहून जोडलेले वाडगे रंगाने जुळतात पण आकड्याने पकडले जातात.

नक्षीची लाट 1950च्या दशकातली. 'बटरप्रिंट' 1957ची: पांढऱ्यावर फिरोजी रंगात शेतकरी जोडपं, कोंबडा, धान्याची कणसं. त्याच वर्षीची 'गूजबेरी'. 1972मध्ये हिरव्या फुलांची 'स्प्रिंग ब्लॉसम' आणि सोनेरी 'बटरफ्लाय गोल्ड' आल्या. या दोन इतक्या खपल्या की आजही सहज मिळतात आणि नवख्याने सुरुवात तिथूनच करावी. दुसऱ्या टोकाला 1959ची 'लकी इन लव्ह' आहे, हिरव्या पानांत हृदयाचे आकार असलेली. तिची एक कॅसरोल (ओव्हनमध्ये ठेवायचं झाकणाचं भांडं) हजारो डॉलरना गेलेली आहे. तिच्या मागे धावू नका.

हा रंग काचेच्या बाहेरच्या बाजूला, वरून भाजून बसवलेला असतो. म्हणून पायरेक्स फुटण्याआधी फिकं पडतं. डिशवॉशरमध्ये वर्षानुवर्षं गेलेल्या वाडग्याची चकाकी जाते, बोट फिरवलं तर खडूसारखं लागतं. संग्राहक त्याला थोडक्यात 'डीडब्ल्यूडी', म्हणजे डिशवॉशर डॅमेज, म्हणतात. अशा भांड्याला तेल चोळून चमक आणून विकणारे असतात, तेव्हा कोरड्या कापडाने पुसून मगच निर्णय घ्या. घरी आणल्यावर हाताने, मऊ स्पंजने धुवायचं. तारेची घासणी लावलीत तर एका दिवसात नक्षी गमवाल.

इंग्लंडमध्ये राहत असाल तर तळाला 'जेएजे' (जेम्स ए. जॉबलिंग) दिसेल. 1921पासून सन्डरलंडची जॉबलिंग कंपनी परवान्याने पायरेक्स बनवत होती, आणि तिथल्या नक्ष्या वेगळ्या आहेत. आपल्याकडचा धागाही आहे: 1962 साली मुंबईत सुरू झालेल्या बोरोसिलच्या मागे हीच कॉर्निंग भागीदार होती. पण बोरोसिलची ओळख बिनरंगी काचेची. नक्षीदार पायरेक्स भारतात शोधायला गेलात तर परदेशातून कुणीतरी आणलेला एखाद-दुसरा नगच हाती लागतो, आणि त्याची किंमत तिकडच्या मानाने अवाच्या सवा सांगितली जाते.

इनॅमल

पोलादाच्या पत्र्यावर काचेची पूड देऊन साधारण 800 अंश सेल्सिअसला भाजली की इनॅमल तयार होतं. आपल्याला ते निळ्या काठाच्या पांढऱ्या ताटांमुळे आणि मगांमुळे माहीत आहे. संग्राहकांत सर्वांत मोठं नाव नॉर्वेतल्या हाल्डेनच्या काथरिनेहोल्मचं. 1960च्या दशकातली पानांची 'लोटस' नक्षी तिथली. आकार ग्रेटे प्रिट्झ किटेलसन यांचे, नक्षी आर्ने क्लाउसेन यांची. केशरी, पिवळे, गडद हिरवे वाडगे शेल्फवर ओळीने मांडले की खोलीचा नूर बदलतो.

भारतात राहून इनॅमल जमवायचं तर एकदा तमिळनाडूतल्या कराईकुडीला जा. ब्रह्मदेश आणि मलायात व्यापार करणाऱ्या चेट्टियार घराण्यांनी स्वीडन, जपान, चेकोस्लोव्हाकियाची इनॅमलची भांडी घरी भरली होती, आणि त्या वाड्यांमधून निघालेला माल मुनीश्वरन कोविल स्ट्रीटवरच्या दुकानांत रचून ठेवलेला दिसतो. झाकणांचे डबे, किटल्या, फुलांच्या नक्षीच्या खोलगट थाळ्या.

याचा शत्रू एकच, टवका. भांडं पडलं तर फुटत नाही, पण कवच उडतं आणि खालचा पत्रा गंजतो. काठावर, बाहेरच्या बाजूला टवका असेल तर मी खुशाल घेते. आतल्या बाजूला असेल तर ते भांडं फक्त मांडायला.

यात जेवायचं असेल तर

इथे फरक फार मोठा आहे, आणि विकणारा तो सांगत नाही. जुन्या चिनीमातीच्या झिलईत शिसं असणं सर्रास होतं. पायरेक्सच्या बाहेरच्या रंगांतही शिसं सापडतं. इनॅमलच्या लाल, पिवळ्या, केशरी रंगांत कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो. अमेरिकेतल्या 'फिएस्टा' भांड्यांचा 1936चा प्रसिद्ध लाल-केशरी रंग तर युरेनियममुळे होता. 1943 साली सरकारला युरेनियम हवं झालं म्हणून तो बंद करावा लागला.

शिसं सुटतं ते आंबट आणि गरम पदार्थांत, शिवाय जास्त वेळ ठेवलं तर जास्त. आपल्या ताटात तर आंबट असतंच: चिंचेची आमटी, सोलकढी, ताक, लिंबाची फोड, लोणचं. म्हणून जुन्या विलोत बिस्किटं, कोरडा चिवडा, लाडू वाढावेत, रस्सा नको. पायरेक्सच्या वाडग्याचं मात्र बरं आहे: आतला भाग कोरी पांढरी काच, रंग बाहेर. त्यात पीठ भिजवा, कोशिंबीर करा, दही लावा. तिन्हींत रोजच्या वापराला मी पायरेक्सचा वाडगा पहिला धरते तो याच कारणाने. फक्त त्याला थेट गॅसवर ठेवायचं नाही आणि फ्रीजमधून काढून लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये ढकलायचं नाही. पायरेक्सच्या जेवणाच्या ताटल्यांत मात्र आतला भाग असा कोरा नसतो, तिथे नक्षी वरच्या बाजूला, घासाच्या खालीच असते.

घरी शिसं तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. लहान मूल घरात असेल आणि शंका असेल तर एक्सआरएफ यंत्रावर (क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या) तपासून घ्या, नाहीतर भांडं सरळ शोकेसमध्ये जाऊ द्या.

कुठे राहता, त्यावरून

अमेरिकेत असाल तर प्रश्नच नाही, पायरेक्स. थ्रिफ्ट स्टोअर, यार्ड सेल, शेजारच्या आजींचं घर रिकामं होताना लागलेला सेल: माल तिथेच आहे, आणि एकेक नग वापरत वापरत जमतो. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग गावच्या काचेच्या संग्रहालयाने नक्ष्यांची सूची ऑनलाइन ठेवली आहे, ती पाठ होईपर्यंत पाहा.

इंग्लंडमध्ये असाल तर विलो, आणि ताटल्यांपेक्षा मोठ्या लांबट थाळ्या बघा. त्यावर देखावा पूर्ण उलगडतो आणि भिंतीवरही छान दिसतात.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला मी इनॅमल सुचवेन. पुण्याचा जुना बाजार, मुंबईच्या चोर बाजारातला मटन स्ट्रीट, इथे चिनीमातीही मिळते, पण वाहतुकीत टवके उडालेली, जोड तुटलेली, एकेकटी. संच जुळायला वर्षं जातात. इनॅमल या सगळ्यातून तगून येतं, वजनाला हलकं असतं, दोन खोल्यांच्या घरात भिंतीला खिळ्यावर टांगता येतं, आणि अजून त्याचे भाव चढे नाहीत. त्याआधी एकदा पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात स्वयंपाकघराच्या वस्तू बघून या. किसण्या, सोऱ्या, अडकित्ते अशा रोजच्या वस्तू एकाच माणसाने किती प्रेमाने आणि शिस्तीने गोळा केल्या, ते पाहिलं की काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं हे जास्त कळतं.

परदेशातून आणायचं ठरलं तर ताटल्या आडव्या रचू नका. प्रत्येक वेगळी गुंडाळून उभी लावा आणि ती बॅग हातात ठेवा. पायरेक्सचे वाडगे एकात एक घालताना मधे टॉवेल हवाच. बाहेरचा रंग शेजारच्या काचेवर घासला की प्रवासातच ओरखडे पडतात, आणि ते पुसून जात नाहीत.